रघुनाथरावांच्या टीव्हीतली गोटमार

कळंबे सरांकडे कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी कॉम्प्युटरविषयीची मते येऊन बसली होती. नागपूरला धरमपेठेत उन्हाळ्याच्या सुट्टीत केलेल्या एका वर्गातून त्यांनी ती आणली होती, आणि पांढुर्ण्यात दुसऱ्या कोणाकडे तसली मते नसल्यामुळे ती बिनविरोध वाढली होती. यंत्र कधी चुकत नाही, चुकतो तो माणूस, हे एक. जो माणूस प्रोग्राममध्ये दर दोन ओळींनी 'इथून तिथे उडी मार' अशी आज्ञा लिहितो, त्याच्या घरातले कपाट उघडून पाहायची हिंमत करू नये, हे दुसरे. पण सगळ्यात कडक मत होते ते खेळांविषयी. कॉम्प्युटरवर गेम खेळणे म्हणजे बँकेच्या तिजोरीत लोणच्याची बरणी ठेवणे, असे सर शाळेच्या स्टाफरूममध्ये म्हणत. बाकीचे शिक्षक मान डोलावत. त्यांना लोणचे तेवढे कळे.

मग शहाऐंशी साली खरोखरच कॉम्प्युटर आला. सरांच्या बायकोचा, म्हणजे प्रतिभाचा मामेभाऊ विजय मस्कतला नोकरीला होता. त्याला तिथे कोणीतरी तो भेट दिला होता. त्याचे काय करायचे हे न कळल्यामुळे त्याने तो भावजींना भेट दिला. काळा, शाळेच्या पाटीएवढा, वर रबराची बटणे.

"एवढंसंच?" प्रतिभा म्हणाली.

"याच्या पोटात काय आहे हे तुला कळलं ना, तर तू उभी राहणार नाहीस," सर म्हणाले.

"पण हे दिसते कशात?"

हा प्रश्न मात्र बरोबर होता. त्या यंत्राला स्वतःचे तोंड नव्हते. त्याला टीव्ही जोडावा लागे आणि कळंबे सरांकडे टीव्ही नव्हता. टीव्हीविषयी मत होते.

रंगीत टीव्ही होता शेजारी, रघुनाथरावांकडे. रघुनाथराव रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, आता रिटायर होऊन घरातल्या घरात हिरवा झेंडा दाखवत असत. त्यांच्या गच्चीवर नागपूर पकडण्यासाठी अँटेनाचा इतका उंच बांबू होता, की स्टेशनवरून गल्ली सांगताना लोक तोच दाखवत. त्यांनी सरांना मोठ्या मनाने बैठकीत जागा दिली. अटी दोनच. बातम्यांच्या आधी तार काढायची. आणि एक काम झाले की यंत्र बंद करून थोडे सुस्तावू द्यायचे.

"इंजिन गरम होते, सर. म्या जिंदगीभर पायलं."

"रघुनाथराव, यात इंजिन नाही."

"मंग गरम काहून होऊन राहिलं?" रघुनाथरावांनी यंत्राच्या पाठीवर हात ठेवून विचारले. ते खरेच गरम होते. सरांनी विषय सोडला.

त्या काळी प्रोग्राम साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर असत. कॅसेट लावली की टीव्हीच्या कडेने निळ्यापिवळ्या पट्ट्या धावत, आणि टेपमधून पाटीवर खिळा ओढल्यासारखी किंकाळी निघे. ती बरीच लांबे. मध्ये कोणी दार आपटले तर सगळे पहिल्यापासून. रघुनाथरावांच्या बायको कलाबाई पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातून पोळपाटासकट धावत आल्या.

"अवो सर, याच्या पोटात दुखून राहिलं काय? ओवा देऊ?"

सरांनी कॉम्प्युटर आणला होता तो थोर हेतूने. दहावीच्या वर्गाचे गुण घालायचे, बेरीज, टक्के, क्रमांक, सगळे यंत्राने करायचे. ते मुख्याध्यापकांना दाखवायचे. मग शाळेत कॉम्प्युटरचा वर्ग सुरू करायचा. प्रोग्राम त्यांनी जीव ओतून लिहिला होता. एकही उडी नाही. प्रत्येक भागाच्या डोक्यावर, हा भाग काय करतो ते सांगणारी एक ओळ. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावे असा प्रोग्राम होता, पण प्रोग्राम पाहतो कोण! बैठकीत गल्लीतले पाचपन्नास लोक जमले, पडद्यावर नावे आली, टक्के आले, आणि कापडाच्या दुकानाचे उत्तमसेठ जांभई देऊन म्हणाले, "हे तर आमचा मुनीम करते. याले असं विचारा, यंदा संत्र्याले भाव काय भेटन?"

"ते याला कसं माहीत असणार?"

"मंग याले काय माहीत आहे?"

"आपण जे सांगू ते."

"पण ते तर आपल्याले माहीतच आहे ना!" उत्तमसेठ म्हणाले, आणि बैठकीतल्या सर्वांना हे पटले.

सर आतून दुखावले. तेवढ्यात रघुनाथरावांनी विजयने सोबत पाठवलेली दुसरी कॅसेट खोक्यातून काढली. तीत एक खेळ होता. एक बुटका टोपीवाला भिंतीवरून उड्या मारत किल्ल्या गोळा करी आणि मध्येच एखाद्या कोळ्याला धडकून मरे. सरांनी त्याविरुद्ध चांगले भाषण केले. रघुनाथरावांनी ते शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण टीव्ही माझा आहे."

त्या दिवसापासून गुणांच्या प्रोग्रामला कोणी विचारले नाही. टोपीवाला मरायचा, गल्ली हळहळायची. कलाबाईंनी तर त्याच्यासाठी एक गुरुवार धरला. आपण जीव ओतून लिहिलेले काम कोपऱ्यात आणि कोण्या परक्या माणसाने लिहिलेला उड्याउड्यांचा खेळ पाटावर, हे सरांना सहन होईना. शेवटी एका संध्याकाळी ते सगळ्यांसमोर बोलून गेले, "असले खेळ मी पण लिहू शकतो. आणि आपल्या मातीतले!"

"मंग गोटमार लिहा," उत्तमसेठ म्हणाले.

पोळा तोंडावर आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. अलीकडच्या काठावर पांढुर्णा, पलीकडच्या काठावर सावरगाव. पांढुर्ण्याने झाड तोडून झेंडा आणायचा, सावरगावने तो आणू द्यायचा नाही आणि मध्ये दिवसभर दगड. फार पूर्वी पांढुर्ण्याच्या कोण्या पोराने सावरगावची पोरगी पळवून आणली, तेव्हापासून हे चालू आहे असे म्हणतात. कळंबे सरांचा यात वैयक्तिक संबंध एवढाच, की प्रतिभाही सावरगावची होती. पण तिला त्यांनी रीतसर, बँड लावून, पुलावरून आणली होती.

सर कामाला लागले. चौकटीच्या कागदावर माणसे काढू लागले. त्या यंत्रात एका माणसाला आडवे-उभे आठ-आठ ठिपके मिळत. तेवढ्यात पागोटे आणि पाय दोन्ही बसेनात. सरांनी पागोटे ठेवले, पाय वगळले. नदी निळी, पळस हिरवा, झेंडा लाल. शाळेतून आले की ते सरळ रघुनाथरावांच्या बैठकीत जात आणि कलाबाई चहा मांडून ठेवत, तो गार होई. एक गोष्ट मात्र सरांनी तत्त्व म्हणून पाळली. आपण गेम लिहीत नसून नदीवरच्या घटनेची हुबेहूब प्रतिकृती लिहीत आहोत, तेव्हा बटणे कोणी दाबायची नाहीत. दोन्ही बाजू यंत्रच खेळेल. गच्चीवरून लोक पाहतात तसे आपण फक्त पाहायचे. कोणता दगड लागेल, कोणता चुकेल, हे यंत्र चिठ्ठी काढून ठरवील. चिठ्ठी काढण्याची आज्ञा त्या यंत्रात तयारच होती.

पहिला खेळ झाला तेव्हा बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. ठिपक्यांसारखे दगड इकडून तिकडे उडाले, बिनपायाची माणसे आडवी झाली, पळस हलला, तुटला, आणि झेंडा पांढुर्ण्याच्या काठावर आला. उत्तमसेठनी पेढे मागवले. रघुनाथरावांनी इंजिन सुस्तावू दिले, मग पुन्हा लावले. पुन्हा पांढुर्णा. दुसऱ्या दिवशी पांढुर्णा. तिसऱ्या दिवशीही पांढुर्णा.

प्रतिभा कडेला पोथीच्या चौरंगाजवळ बसून पाहत होती. "अहो, आमचेच लोक काहून पडून राहिले?"

"योगायोग आहे. यंत्राला सासर-माहेर नसतं, प्रतिभा."

"यंत्राले नसन. चालवणाऱ्याले असते ना."

सर हसले. हसायला नको होते, हे त्यांना नंतर कळले.

बातमी पूल ओलांडून गेली आणि रविवारी सासरेबुवा यशवंतराव मक्याच्या कणसांची पिशवी घेऊन आले. यशवंतरावांची संत्र्याची बाग होती, पण सावरगावात मान होता तो बागेमुळे नव्हे. ऐन उमेदीत ते झाडाशी उभे राहिलेले गडी होते. डाव्या भुवईवर दगडाची जुनी खूण होती. ते बैठकीत मांडी घालून बसले. कॅसेट किंचाळली. पळस उभा राहिला. पळस पडला.

"पुन्हा लावा," यशवंतराव म्हणाले.

"लावतो मामंजी."

"तसं नाई. साफ बंद करा. मागचं काही राहाले नको त्याच्या पोटात. मंग लावा."

रघुनाथरावांनाही हे पसंत पडले. यंत्र बंद झाले, सुस्तावले, पहिल्यापासून कॅसेट लागली. पळस पडला. यशवंतराव उठून हातपाय धुऊन आले, जागा बदलून बसले. पळस पडला. मागे गल्लीतली मंडळी आता उघड हसत होती आणि कोणीतरी शिटी मारली. सर जावई या नात्याने काहीतरी बोलायला हवे म्हणून म्हणाले, "मामंजी, यंत्र कोणाची बाजू घेत नाही."

यशवंतरावांनी भुवईवर बोट ठेवले. "जावईबापू, हे ज्या वर्षी लागलं ना, त्या वर्षी झाड तुटलं नोतं. अंधार पडेपर्यंत उभं होतं. मंग दोन्ही काठाच्या लोकायनं मिळून झेंडा चंडीच्या देवळात नेला. तुमच्या मशीनीत ते साल नाई काय?"

यशवंतराव चहा न घेता गेले. दुसऱ्या दिवशी प्रतिभाही पोळ्याला म्हणून माहेरी निघाली. दरवर्षी जात असे, त्यात नवे काही नव्हते. पण या वेळी ट्रंकेत तिने स्वेटर घातला. भाद्रपद अजून लागायचा होता.

"स्वेटर कशाला?" सरांनी दारातून विचारले.

"असू द्या. थंडी का सांगून येते?"

सरांचे घर असे रिकामे झाले, तर रघुनाथरावांचे इतके भरले की एक दिवस सौंसरहून मनोरंजन कराचे इन्स्पेक्टर येऊन उभे राहिले. रामाकोन्याच्या तंबूतला सिनेमा तपासायला निघाले होते. बसमध्ये कोणीतरी सांगितले, की पांढुर्ण्यात एका घरी रोज गोटमार दाखवतात.

"इथं गोटमार होते काय?" त्यांनी विचारले.

"होते ना!" रघुनाथराव अगत्याने म्हणाले. "या, बसा. आता सुरूच होऊन राहिली."

इन्स्पेक्टरांनी पूर्ण खेळ पाहिला. पळस तुटल्यावर त्यांनीही "अरे वा" म्हटले. मग पिशवीतून फॉर्म काढला. मनोरंजनाचा प्रकार: सिनेमा, नाटक, सर्कस, कुस्ती, व्हिडिओ. यातले हे कोणते?

"यातलं कोणतंच नाही," सर म्हणाले. "हे मनोरंजनच नाही. ही प्रतिकृती आहे."

"पण लोक तर हसून राहिले, साहेब."

"ते त्यांचं अज्ञान आहे."

अज्ञानाला फॉर्ममध्ये रकाना नव्हता. इन्स्पेक्टर भला माणूस होता. कर लागू नये म्हणून त्याने 'इतर' वर खूण केली. पण 'इतर' केले की तपशील द्यावा लागतो. त्याने पेन चावत विचार केला आणि लिहिले, 'दगडफेक (घरगुती)'. मग कलाबाईंच्या हातचा चिवडा खाऊन तो रामाकोन्याला गेला.

पोळ्याआधीच्या त्या दिवसांत, ज्या कागदावर 'दगडफेक' असे लिहिले आहे तो कागद कोणत्या टेबलावर जातो, हे पांढुर्ण्यात कोणालाही विचारावे. तिसऱ्या दिवशी शिपाई सरांच्या दारात सायकल टेकवून उभा. दोन्ही काठांच्या शांतता समितीची बैठक तहसीलच्या हॉलमध्ये भरते, तिला सरांनी यंत्रासह हजर राहावे, असा निरोप. सावरगावच्या मंडळींनीही तक्रार केली होती, की पांढुर्ण्याने मशीन फितवले आहे.

मशीन फितवले! सरांना रात्रीचे जेवण गेले नाही. गणिताच्या मास्तरवर हा आरोप म्हणजे पुजाऱ्यावर नैवेद्य उष्टावल्याचा आरोप. त्यांनी प्रोग्राम पुन्हा पुन्हा वाचला, एक उडी सापडेना, एक चूक सापडेना. शेवटी मनावर दगड ठेवून ते सौंसरला वामनकडे गेले.

वामन तिथे बँकेत होता. आजूबाजूच्या सगळ्या मुलुखात कॉम्प्युटर असलेला दुसरा माणूस हाच. दोघांचे यावर एकमत होते, की बाकी दुनियेला कॉम्प्युटरमधले काही कळत नाही. आणि प्रत्येकाचे खासगी मत असे, की दुनियेहूनही कमी कळते ते दुसऱ्याला. कारण वामनचे यंत्र वेगळ्या कंपनीचे होते.

"तुझ्या त्या खोडरबरावर दुसरं काय होणार!" वामन प्रोग्रामचे कागद हातात घेऊन म्हणाला. "माझ्याकडे बघ, टाइपरायटरसारखी बटणं आहेत."

"पण तुझ्याकडे रंग कुठे आहेत?"

"रंग पाहिजे तर होळी खेळावी माणसाने. आणि हे काय? ओळींचे आकडे दहा-दहानं? मी पाच-पाचनं देतो."

"पाचनं दिल्यावर मधे जागा काय उरते?"

"विचार करून लिहिलं तर मधे जागा लागतेच कशाला?"

असे ते ओसरीवर दिवेलागणीपर्यंत भांडले. चहा दोनदा झाला. कोणती भाषा खरी आणि कोणती पोरासोरांची, गेम विकत घ्यावा की मित्राच्या कॅसेटवरून उतरवावा, सगळे झाले. सावरगाव का हरते, हे तेवढे राहिले. ते सरांना बसमध्ये बसल्यावर आठवले. तरी जामसांवलीचा फाटा येईपर्यंत ते मनातल्या मनात वामनला उत्तरेच देत होते, आणि ती ओसरीवर दिलेल्या उत्तरांपेक्षा पुष्कळ चांगली होती.

गंमत अशी की जामसांवलीमुळेच रस्ता निघाला. शनिवारी सकाळची शाळा करून सर दुपारी रघुनाथरावांकडे गेले, तर घरात एकट्या कलाबाई. त्यांच्या आग्रहावरून रघुनाथराव यंत्राच्या नावाने मारुतीपुढे नारळ फोडायला जामसांवलीला गेले होते. सरांनी कॅसेट लावली, खेळ सुरू केला, पांढुर्ण्याने झाड तोडले. एरवी इथे रघुनाथरावांचा आवाज आला असता आणि यंत्र बंद झाले असते. आज इंजिनाला सुस्तावू द्या म्हणणारे कोणी नव्हते. सरांनी बंद न करताच खेळ पुन्हा चालवला.

दगड उडाले. पण हे दगड ओळखीचे नव्हते. पहिलाच माणूस पडला तो पांढुर्ण्याचा. पळस हलला, पण उभा राहिला. उभाच राहिला!

"काकू!" सर ओरडत स्वयंपाकघरात शिरले. "सावरगाव जिंकलं!"

"हळू बोला, सर," कलाबाई घाबरून म्हणाल्या. "गल्लीत आयकू जाईन."

सर तिथेच पाटावर बसले आणि हाती लागलेल्या लाटण्याने हवेत आकृत्या काढत त्यांना समजावू लागले. यंत्राजवळ चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा असतो. यंत्र चालू झाले की तो वरून उचलायला लागते. बंद करून पुन्हा चालू केले, की पुन्हा तोच गठ्ठा, त्याच क्रमाने, वरूनच. त्याच चिठ्ठ्या, तेच दगड, तीच माणसे आडवी. खेळाआधी गठ्ठा पिसून घे, अशी एक आज्ञा लिहावी लागते. ती लिहायची राहिली होती. म्हणजे यंत्र चुकले नव्हते. चुकला होता तो माणूस, आणि तो कोण हे शोधायला लांब जायला नको होते.

कलाबाईंनी सगळे लक्षपूर्वक ऐकले. "नारळ फुटला त्याच टायमाले झालं ना हे?" त्या म्हणाल्या. संध्याकाळी रघुनाथराव प्रसाद घेऊन आल्यावर त्यांनी वेळ जुळवून पाहिली आणि ती जुळली. त्यापुढे सरांची चिठ्ठ्यांची उपपत्ती गल्लीत कधीच चालली नाही.

सरांनी ती एक आज्ञा लिहिली. भुवईवर बोट ठेवून बसलेले सासरे त्यांच्या डोळ्यांपुढून हलेनात. नुसते पाहत बसायचे, हातात काही नाही, आणि पडायचे ते आपल्याच माणसांनी. सरांनी तत्त्वाकडे पाठ फिरवली आणि दोन्ही बाजूंना बटणे दिली. इकडची तीन पांढुर्ण्याला, तिकडची तीन सावरगावला. अंधार पडेपर्यंत झाड उभे राहिले तर झेंडा देवळाकडे जाईल, अशा ओळीही घातल्या. आता तो सरळसरळ गेम झाला होता.

मग ते पूल ओलांडून सासरी गेले. यशवंतराव बैलांच्या शिंगांना रंग लावत होते. त्यांनी जावयाचे सगळे ऐकले, ब्रश खाली ठेवला नाही.

"जे सांगाचं ते चार लोकांत सांगा," ते म्हणाले. "हरवलं तेव्हा चार लोक होते."

आतून चहा आला. प्रतिभा आली नाही.

समितीच्या दिवशी टीव्ही हातगाडीवर गादीत गुंडाळून तहसीलला निघाला. रघुनाथराव गाडीच्या मागे, मालगाडीच्या शेवटच्या डब्यात उभे असल्यासारखे. हॉलमध्ये एका बाजूला पांढुर्णा, एका बाजूला सावरगाव, मध्ये भोपाळकडून नवीन बदलून आलेले साहेब. व्होल्टेज इतके कमी होते, की पंखा चालू केला की पडदा आक्रसे. सरांनी पंखे बंद करवले. दोन्ही काठ घामाने निथळू लागले. कॅसेट किंचाळली तसा दाराशी डुलकी घेणारा हवालदार काठी घेऊन उभा राहिला. किंकाळी संपता संपता कोणीतरी शिंकले आणि प्रोग्राम अर्ध्यात मेला.

"हो गया?" साहेबांनी विचारले.

"नहीं सर. फिर से."

दुसऱ्या वेळी पळस उभा राहिला. कळंबे सरही उभे राहिले. "बंधूंनो," ते म्हणाले, "आजवर या खेळात सावरगाव दर वेळी हरलं. मशीन फितलेलं नाही. मशीन बरोबर आहे. चूक माझी होती. गणिताच्या माणसाकडून व्हायला नको अशी चूक होती. माझ्या सासरेबुवांना मी चार लोकांत खाली पाहायला लावलं. मी माफी मागतो."

मग उत्तमसेठ कळवळून म्हणाले, "काय गरज होती, सर? चांगलं चालून राहिलं होतं ना!"

खेळून दाखवा, असे साहेबांनी फर्मावले. सावरगावकडून यशवंतराव पुढे आले. पांढुर्ण्याकडून, टीव्ही त्यांचा असल्यामुळे, रघुनाथराव. सहा बटणांवर चार जाड अंगठे कसेबसे बसले. पहिल्या डावात पांढुर्ण्याची सगळी माणसे आडवी झाली, डाव सावरगावचा. "सासऱ्याच्या धाकानं फिरवली मशीन!" पांढुर्णा ओरडला. दुसऱ्यात पळस तुटला. "आता फिरवली!" सावरगाव ओरडले. साहेबांनी टेबल वाजवले, हवालदार मध्ये आला. पण खेळणाऱ्या दोघांचे कशाकडेच लक्ष नव्हते.

"तुमचं कोपर बाजूले घ्या, गार्डसाहेब."

"तुमचाच अंगठा माझ्या बटनावर येऊन राहिला!"

"मंग बटनं एवढी जवळ काहून ठेवली याईनं?"

"तेच म्या म्हणतो! सर, हे काही बरोबर नाई केलं तुमी."

तिसऱ्या डावात पडद्यावर अंधार पडला आणि झाड उभेच होते. लाल ठिपका हळूहळू देवळाकडे निघाला. यशवंतरावांनी बटणांवरचे हात उचलले, आणि ठिपका पोचेपर्यंत दोघे म्हातारे तसेच हात वर धरून बसून राहिले. हॉलमध्ये आता कोणी ओरडत नव्हते. साहेबांनी ती संधी साधून शांततेचा ठराव वाचला आणि तो पास झाला. ऐकला कोणीच नाही, कारण चौथा डाव सुरू झाला होता.

निघताना सरांनी धीर करून साहेबांना म्हटले, "सर, इसमें रिज़ल्ट का भी प्रोग्राम है. पूरी क्लास के नंबर..."

"अच्छा, अच्छा," साहेब म्हणाले. मग जवळ येऊन हळूच, "क्रिकेट आता है क्या इसमें?"

डावांचा हिशेब बरोबरीत राहिल्यामुळे यशवंतरावांना रघुनाथरावांच्या घरी जेवायला जाणे भागच पडले. तिकडून प्रतिभा पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आली, वडिलांसाठी म्हणून. जेवणे झाली. दोन्ही म्हातारे आतल्या खोलीत दिवाणावर एकमेकांकडे पाठ करून झोपले आणि सारख्याच आवाजात घोरू लागले. कलाबाई आत आवराआवर करत होत्या. बैठकीत, यंत्र आल्यापासून पहिल्यांदाच, सर आणि प्रतिभा सोडून दुसरे कोणी नव्हते.

"तुमी म्हणे लोकायसमोर म्हटलं, चूक माझी," प्रतिभा म्हणाली.

"म्हटलं."

"घरात तर कधी म्हणत नाई."

सरांनी यंत्राची तार नीट करायला घेतली. ती नीटच होती. "खेळतेस?" त्यांनी विचारले.

प्रतिभा पदर खोचून बसली आणि तिने डावीकडची बटणे धरली.

"ती पांढुर्ण्याची आहेत," सर म्हणाले. "तुझी उजवीकडची. सावरगाव."

"मी कुठची, हे तुमी आणि तुमची मशीन नका ठरवू. तुमी घ्या सावरगाव. जावई आहात ना? राखा झाड."

सर झाड राखायला बसले. त्यांनी हा प्रोग्राम स्वतः लिहिला होता, त्याची ओळ न् ओळ त्यांना पाठ होती आणि त्याचा काडीचा उपयोग होईना. प्रतिभाचा अंगठा शिवणयंत्रासारखा चालत होता. सावरगावची बिनपायाची माणसे भराभर आडवी पडत होती. सर घामाघूम झाले, गुडघ्यांवर उठून बसले, चष्मा नाकावरून घसरला तो वर सारायला हात मोकळा नव्हता.

"आरामात, आरामात," ते म्हणाले. "मशीन तुटेल."

"मशीन तुटत नाई. झाड तुटते."

"अवो, चहा ठेवला," आतून कलाबाईंची हाक आली. "येता ना दोघं?"

आणि पडद्यावरून नजर न काढता, एकाने घाबरून आणि एकीने आनंदाने, दोघे एकदमच ओरडले, "थांबा काकू, झाड तुटून राहिलं!"